गोधडीवरचा कॉम्प्रेसर

माझ्या दोघा नातवंडांनो,

या उन्हाळ्यात तुम्ही जपानला, ओजिमाला आमच्याकडे तीन आठवडे राहून गेलात आणि जाताना दोन प्रश्न मागे ठेवून गेलात. धाकटीने विचारलं, की आजीच्या घरात कपाटं, टीव्ही, फ्रिज, देव्हारासुद्धा बांधून ठेवलाय, मग खिडकीजवळचं ते पंपासारखं यंत्र तेवढं मोकळं का, आणि गोधडीवर का? थोरल्याने विचारलं, की आजोबा फोनवर आमच्याशी बोलताना उजव्या हातावर का बसतात? मी एकीला "असंच" म्हणाले आणि दुसऱ्याचा प्रश्न ऐकू आला नाही असं दाखवलं. तुमचं विमान गेल्यावर घरी परतताना आजोबा म्हणाले, "दोन्हीचं उत्तर एकच आहे. तू लिहून पाठव. मला आता लिहिता येत नाही, आणि तू क्रमाने लिहितेस." म्हणून आत्ता लिहिते आहे.

मराठीत लिहिते आहे. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं आणि याद्या मी अजून इंग्रजीतच करते, पण मला भीती वाटते ती मराठीत. अडेल तिथे बाबाकडून वाचून घ्या.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची, मार्चमधल्या त्या मोठ्या भूकंपाच्या वर्षाची. तुमचा बाबा तोवर कॅनडात स्थायिक झाला होता. थोरला दोन महिन्यांचा होता, धाकटी जन्मायची होती. आजोबा संशोधन संस्थेतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं काम धातूंचं: कुठला धातू किती ताणला की तुटतो, ते पाहायचं. आम्ही याच घरात होतो, नवव्या मजल्यावर.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. दोन झाल्या होत्या. तिसरी व्हायच्या आत जमीन हलायला लागली. जपानमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला थोडं हललेलं कळतसुद्धा नाही, म्हणून मी आधी गॅस बंद करून नुसती उभी राहिले. मग ते थांबेना. वाढत गेलं. मी टेबलाखाली गेले आणि तिथून आजोबांना हाका मारत राहिले. ते आले नाहीत. बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, कपाळ काचेला टेकलं होतं, आणि कपाटाबरोबर ते स्वतः डावी-उजवीकडे जात होते. कपाटावरून तुमच्या बाबाचं जहाज त्यांच्या खांद्यावर आपटून खाली पडलं, तरी त्यांनी हात सोडले नाहीत. सगळं थांबल्यावरही सोडले नाहीत. मी जाऊन एकेक बोट सोडवलं. छताला टांगलेल्या दिव्याची ओढायची दोरी त्यानंतरही कितीतरी वेळ झोके घेत होती.

ते जहाज म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायचं मॉडेल. तुमचा बाबा इथे शाळेत असताना त्याने ते जोडलं होतं, माझ्या हाताएवढं लांब प्रवासी जहाज. रंगवायचं राहून गेलं. तो कॉलेजला गेला, मग परदेशी गेला, आणि जहाज राखाडीच्या राखाडी कपाटावर बसून राहिलं. पडल्यावर त्याची डोलकाठी आणि धुराडं मोडलं. आजोबांनी तुकडे वेचून चहाच्या डब्यात ठेवले.

त्यानंतर मी घर बांधायला घेतलं. म्हणजे खरोखरच बांधायला. कपाट आणि छत यांच्यामध्ये घट्ट बसवायचे खांब मिळतात, ते आणले. टीव्हीखाली चिकट गाद्या, फ्रिजला पट्टा, पुस्तकांच्या फळ्यांना आडव्या दोऱ्या, भांड्यांच्या कपाटाला कड्या. कशाला काय लावलं आणि ते पुन्हा कधी तपासायचं, याची यादी दारामागे चिकटवली. आजोबा म्हणाले, आता फक्त आपण दोघं मोकळे उरलो. मी हसले नाही. मला दिवसातून वीस वेळा वाटायचं, की हलतंय. मग मी मान वर करून दिव्याच्या दोरीकडे बघायची. दोरी स्थिर असली, तर ते माझ्या डोक्यात. दोरी हलत असली, तर खरं. बऱ्याचदा खरं असायचं. मोबाइल एकाएकी किंचाळायचा, भूकंपाची आगाऊ सूचना द्यायचा, आणि धक्का येऊन गेल्यावरही मी दोरीकडे बघत उभी राहायची.

आता हाताकडे येते.

जूनमध्ये माझ्या लक्षात आलं, की आजोबा चहाचा कप अर्धा रिकामा होईपर्यंत उचलत नाहीत, वाकून तोंड लावतात. मी कप अर्धाच भरायला लागले. ना त्यांनी कारण विचारलं, ना मी सांगितलं. इथे सही करावी लागत नाही, नावाचा शिक्का उमटवला की झालं, त्यामुळे बँकेत, पोस्टात कुणाला काही दिसलं नाही. पण संध्याकाळी ते बातम्या बघत बसले की उजवा हात मांडीवर पडलेला असायचा आणि अंगठा तर्जनीवर फिरत असायचा, हळूहळू, वात वळावी तसा. त्यांचं लक्षही नसायचं.

मी स्वतःला सांगितलं, की ही त्या दुपारची भीती आहे. इतकं मोठं कपाट इतका वेळ धरलं, भीती हातात जाऊन बसली, निघेल हळूहळू. मी पाच महिने हे सांगत राहिले. पण माझ्या मामांचा हात असाच वात वळायचा. मी शाळेत होते तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले. आधी हात, मग चाल, मग शर्टाची बटणं, मग घास. त्यांना कंपवात होता आणि त्याचा शेवट मी पाहिला होता. तेव्हा आजोबांचा हात बघताना मला एकच जाणून घ्यायचं होतं, भीती की कंपवात. आणि तेच जाणून घ्यायची माझी हिंमत नव्हती. डॉक्टरकडे चला म्हणायचं, तर आधी "तुमचा हात थरथरतो" असं म्हणायला हवं होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना काय काय ऐकवलं होतं, पण हे एवढे तीन शब्द तोंडातून निघत नव्हते.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी चहाचा डबा उघडला. डाव्या हाताने चिमटा धरून चार दिवसांत डोलकाठी आणि धुराडं चिकटवलं. पाचव्या दिवशी ब्रश घेऊन जहाज पांढरं करायला बसले. मी आतून बघत होते. जहाजाची बाजू लांब, गुळगुळीत असते. तिथे ब्रश एकदा अडखळला, की रेघ दिसते, आणि तो दर बोटभर अंतरावर अडखळत होता. तासाभराने त्यांनी ब्रश धुतला, रंग पुसून काढला आणि म्हणाले, ब्रश वाईट आहे, अशा कामाला एअरब्रशच लागतो. मी म्हणाले, हो, लागतोच. त्या क्षणी मला हायसं वाटलं, की दोष ब्रशला मिळाला.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढं फवारायचं साधन. वर अंगठ्याएवढी वाटी, तीत पातळ केलेला रंग. आत एक लांब सुई, टोकाला केसाएवढं भोक. मागून नळीने हवा येते आणि रंगाचा धुरळा करून पुढे फेकते. ती हवा देणारा तो कॉम्प्रेसर. आजोबांनी हे विकत घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली, कारण आमच्या घरात कुठलीही वस्तू माझ्या यादीशिवाय आत येत नाही.

मी पंधरा दिवस वाचत होते. मला मॉडेलच्या रंगाची काळजी नव्हती. मी प्रत्येक वस्तूच्या पुढे, भूकंप झाला तर ती काय करेल, ते लिहीत होते. तयार रंगाचे फवारे दुकानात सगळीकडे मिळतात, कॉम्प्रेसर लागतच नाही. पण त्यात पेट घेणारा वायू असतो, आणि ते रिकामे झाले तरी कचऱ्यात वेगळ्या दिवशी वेगळे टाकावे लागतात. असे डबे मला घरात नको होते. ते खोडले. वासाचे रंग खोडले, कारण वास भरलेल्या घरात गॅस गळला तर मला कळणार कसं? पाण्यात मिसळणारे ठेवले. कॉम्प्रेसर दोन तऱ्हांचे. एक लहान, टाकी नसलेला, चालू असेपर्यंत घुरघुरत राहणारा. त्याची हवा धापा टाकल्यासारखी येते. दुसरा टाकीचा, जड. तो टाकी भरून घेतो, आपोआप थांबतो, आणि हवा कमी झाली की आपोआप पुन्हा सुरू होतो. त्याची हवा सलग येते, म्हणून जहाजासारख्या मोठ्या पृष्ठभागाला तोच चांगला. मला दाबाखालची टाकी घरात ठेवायची भीती वाटत होती. आजोबांनी मला टाकीच्या पत्र्याची जाडी, सुरक्षा झडप, सगळं नुसतं तोंडी, चित्र न काढता समजावलं. पूर्वी ते चित्र काढल्याशिवाय काही समजावत नसत. शेवटी म्हणाले, आयुष्यभर मी धातू कुठे तुटतो तेच बघितलं, ही टाकी तुटणार नाही. मी टाकीच्या पुढे बरोबरची खूण केली.

एअरब्रशचेही दोन प्रकार. पेनासारखा: वरच्या बारीक बटणावर तर्जनी ठेवायची, खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग, आणि किती रंग ते ओढण्याच्या अंतरावर. दुसरा पिस्तुलासारखा: अख्ख्या मुठीत धरायचा, खालचा घोडा ओढायचा, आधी हवा येते, मागोमाग रंग. मी सगळीकडचं वाचून लिहिलं, पेनाचा घ्यावा. पिस्तुलाचा जड आणि साफ करायला जास्त कटकटीचा. तसं यादीत स्वच्छ लिहिलं, खाली रेघ मारली.

यादी घेऊन आम्ही दुकानात गेलो. मेट्रोने चार स्टेशनं पुढे, बाजाराच्या गल्लीत, एक जुनं मॉडेलचं दुकान होतं. दुकानदार सत्तरीचे, चष्मा दोरीने गळ्यात, बोटांच्या पेरांना रंग. मी यादी वाचून दाखवली. त्यांनी माझ्या प्रत्येक ओळीला मान हलवली, आणि म्हणाले, छान अभ्यास आहे, पण हात काय म्हणतो ते बघू. त्यांनी पेनासारखा एअरब्रश जोडला, वाटीत रंगीत पाणी घातलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आजोबांना सांगितलं, एक सरळ रेघ ओढा.

आजोबांनी बोट ठेवलं. पहिले दोन सेकंद ठीक गेले. मग बोट बटणावर नाचायला लागलं. कागदावर मण्यांची माळ उठावी तसे ठिपके उठले, मोठा, बारीक, मोठा, मग काहीच नाही. दुकानात एक पंखा चालू होता, त्याचा आवाज मला फार मोठा वाटायला लागला. आजोबांनी पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मी सवयीने वर बघितलं. दुकानाच्या छताला दोरीचा दिवा नव्हता.

दुकानदारांनी तो कागद हलकेच घडी करून बाजूला ठेवला, जणू तो आमचा कागदच नव्हता, आणि खालच्या खणातून दुसरा एअरब्रश काढला, पिस्तुलासारखा. मला नाही, आजोबांनाही नाही, टेबलाकडे बघत म्हणाले, "माझं वय झाल्यापासून मी हाच वापरतो. याला बोट लागत नाही, मूठ लागते. आणि एक करा, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच बंद करायचा. मधे फक्त हात जाऊ द्यायचा. मधे थोडं हललेलं रंगाला कळत नाही."

आजोबांनी मूठ आवळली. कागदाच्या बाहेरून कागदाच्या बाहेर एक निळा पट्टा गेला. सरळ नव्हता, पण पट्टा होता. त्यांनी तसे सहा काढले.

मी घाईघाईने म्हणाले, "हाच घेऊया. साफ करायला सोपा आहे."

आजोबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि "बरं" म्हणाले.

घरी आणल्यावर मी जे केलं ते आमच्याच घरात होऊ शकलं असतं. कॉम्प्रेसर मोकळा ठेवायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती जड, दाबाखालची टाकी धक्क्यात घरंगळत गेली तर? खिडकीजवळ लोखंडी मांडणी होती, छताला खांब देऊन घट्ट केलेली, भिंतीला पट्ट्या मारलेली, माझ्या यादीत सर्वात भक्कम म्हणून नोंदलेली. मी कॉम्प्रेसरचे रबरी पाय काढून टाकले, कारण पाय असले की तो डुगडुगायचा, आणि चार बोल्टांनी तो मांडणीला आवळून टाकला. धक्का देऊन बघितलं. मुंगीएवढाही सरकला नाही. चालू केल्यावर मांडणीतून हाताला गुणगुण लागायची, ती मला त्याच्या पक्केपणाची खूण वाटली.

आजोबांनी रोज चार वाजता फवारायचं ठरवलं. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, खाली वर्तमानपत्रं. आधी राखाडी अस्तर, मग पांढऱ्याचे पातळ पातळ थर, दिवसाला एक. फवारा जहाजाच्या शेंड्याबाहेर सुरू व्हायचा आणि शेपटीबाहेर थांबायचा. आठवड्यात ते जहाज असं पांढरं झालं, की मला त्याच्याकडे बघत उभं राहावंसं वाटायचं. पण मी हाताकडे बघायची. फवारताना तो कमी हलायचा. मी म्हणायची, बघ, भीती निघते आहे. पाच वाजता ते एअरब्रश साफ करायला बसायचे, तेव्हा सुई भोकात परत घालताना हात असा हलायचा, की मी उठून आत जायची.

आमच्या बरोबर खाली, आठव्या मजल्यावर, एक आजी एकट्या राहत. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, नेहमी इस्त्रीचा अॅप्रन. जिन्यात भेटलं की मला 'ओकुसान', म्हणजे वहिनी, अशी हाक आणि हवेबद्दल दोन वाक्यं, एवढाच आमचा संबंध. नोव्हेंबरात एका दुपारी साडेतीनला त्या आमच्या दारात आल्या. एका हातात मिठाईचा खोका, दुसऱ्या हातात पांढरं हेल्मेट, काखेत वही. मी घाबरूनच त्यांना आत घेतलं. इथे कुणी असं न सांगता येत नाही. आजोबा आतल्या खोलीत होते, झोपले असतील असं समजून मी दार लोटून घेतलं.

त्यांनी आधी दहा वेळा माफी मागितली. मग वही उघडून माझ्यापुढे ठेवली. बारीक, सुबक आकडे होते. रोजची तारीख आणि वेळा: चार वाजून दोन, चार नऊ, चार सतरा, चार चोवीस. प्रत्येकापुढे किती मिनिटं, आणि जोर, सर्वात कमी. त्या हळू आवाजात सांगू लागल्या. "दहा दिवसांपासून रोज चार वाजले की बारीक धक्के येतात. चटईतून पायाला कळतात, कपाटातल्या काचा वाजतात. पण टीव्हीवर पट्टी येत नाही. मोबाइल वाजत नाही. दिव्याची दोरीही हलत नाही. मी रोज पावणेचारला हेल्मेट घालून टेबलाखाली बसते आणि सगळे थांबेपर्यंत बाहेर येत नाही."

मग त्यांनी जे विचारलं ते विचारायला त्यांना वही बंद करावी लागली. "ओकुसान, तुम्हीही घाबरता, तुमच्या घरात खांब ठोकल्याचा आवाज मी ऐकला होता. खरं सांगा. तुम्हाला जाणवतात का? कुणालाच जाणवत नसतील, तर माझं डोकं गेलं. मग मला मुलाला कळवावं लागेल, आणि तो मला हे घर सोडायला लावेल."

त्या काय विचारताहेत ते मला कळलं, पण धक्के कसले, ते कळेना. चार वाजता मला काहीच जाणवलं नव्हतं. मी रोज चार वाजता मांडणीजवळ उभी असायची. मी तसं सांगायला तोंड उघडलं, आणि आत आजोबांनी कॉम्प्रेसर चालू केला.

आजींनी टेबलाची कड धरली. "आला," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने हेल्मेट चाचपलं. त्यांच्या कपातल्या चहावर बारीक गोल वर्तुळं उठत होती. मी वर बघितलं. दोरी स्थिर होती. मग वर्तुळं एकाएकी थांबली. टाकी भरली होती.

मी उठले, त्यांचा हात धरला आणि त्यांना आत घेऊन गेले. आजोबा मास्क लावून, हातात पिस्तुलासारखी ती वस्तू धरून उभे होते. आजींना ते बघूनच धक्का बसला असेल. मी त्यांना सगळं सांगितलं. जपानी शब्द पुरेनात तेव्हा नुसतं दाखवलं: हे यंत्र, हे बोल्ट, ही मांडणी, हा छताचा खांब, आणि खाली जमीन, तुमचं छत. तेवढ्यात आजोबांनी खिडकीबाहेर फवारा सोडला, टाकीतली हवा कमी झाली आणि कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला. आजींनी वाकून तळवा त्याच्यावर ठेवला. तो थांबेपर्यंत ठेवला. पुन्हा सुरू होईपर्यंत तशाच थांबल्या, आणि पुन्हा ठेवला.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग त्या जमिनीवर बसल्या आणि अॅप्रन तोंडाला लावून रडल्या. आम्ही दोघं त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसून कमरेपासून वाकून माफी मागत होतो, आणि त्या आमची मागत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, की पहिल्याच दिवशी वर येऊन विचारलं असतं, तर दहा दिवस टेबलाखाली बसावं लागलं नसतं. पण तुम्ही "नाही" म्हणालात तर, याची इतकी भीती वाटत होती, की त्यापेक्षा हेल्मेट सोपं होतं. जाताना त्यांनी जहाज बघितलं आणि आजोबांना बजावलं, बंद करू नका, पूर्ण करा, फक्त आवाज कळू द्या कशाचा आहे ते.

त्या गेल्यावर मी पाना आणला. आजोबा धरायला बसले, मी बोल्ट सोडवले. रबरी पाय परत लावले. मग प्रश्न आला, की ठेवायचा कुठे. कुठेही बांधला, तरी तो बांधलेल्या जागेतून खाली जाणार. मला ते पटत होतं, पण हात उचलत नव्हता. घरात एक गोष्ट मोकळी ठेवायची, तीही सर्वात जड. शेवटी मी माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी काढली, चार पदरी घडी केली आणि तो जमिनीवर तिच्यावर ठेवला. चालू केला. स्वयंपाकघरात पाण्याचा पेला ठेवून बघितला. पाणी निवांत होतं.

मी पाना डब्यात ठेवत होते, तेव्हा आजोबा म्हणाले, "साफ करायला सोपा नाहीये तो."

मी म्हणाले, "काय?"

"एअरब्रश. पिस्तुलाचा साफ करायला जास्त कटकटीचा आहे. तू स्वतः यादीत लिहिलं होतंस, खाली रेघ मारून. तुझ्या यादीच्या विरुद्ध तू आयुष्यात एक वाटी घेतलेली नाहीस." ते हाताकडे बघत होते. "तेव्हाच कळलं मला, की तू बघितलंयस."

मी पाना जमिनीवर ठेवला. मी म्हणाले, "जूनपासून."

"मी फेब्रुवारीपासून," ते म्हणाले.

फेब्रुवारी. म्हणजे भूकंपाच्या आधीपासून. मी पाच महिने ज्या समजुतीला धरून होते ती त्या एका शब्दाने सुटली. त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं, कारण मी सगळ्याचं कारण भूकंपावर टाकते आहे आणि त्यावर माझं बरं चाललंय, असं त्यांना दिसत होतं. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, "अहो, डॉक्टरकडे जाऊया."

"मामांसारखं असेल तर?"

मी सांगितलेले मामा त्यांनाही आठवत होते. मी म्हणाले, असेल तर असेल, पण मला अजून दहा महिने टेबलाखाली बसायचं नाही. मी धीट झाले होते असं समजू नका.

पुढच्या आठवड्यात गेलो. तरुण डॉक्टर होते. त्यांनी आजोबांना मोकळ्या व्हरांड्यात चालायला लावलं, बोटं अंगठ्याला भराभर टेकवायला लावली, आणि एक कोरा कागद देऊन सांगितलं, तुमच्या भाषेत काहीही लिहा. आजोबांनी मराठीत आमचा पत्ता लिहिला, मग गावचा पत्ता, मग तुमच्या बाबाचा कॅनडाचा. डॉक्टरांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण ओळीच्या सुरुवातीची अक्षरं मोठी होती आणि शेवटची तिळाएवढी, आणि ते कुणालाही दिसत होतं. त्यांनी कागद बराच वेळ बघितला. मग सांगितलं. कंपवातच होता.

आम्ही ट्रेनने घरी आलो. चार वाजता आजोबांनी खिडकी उघडली, मास्क लावला आणि कॉम्प्रेसर चालू केला. पांढऱ्याचा शेवटचा थर राहिला होता. नंतर चिकटपट्टी लावून, जहाज पाण्यात जिथवर बुडतं त्या रेषेचा लाल पट्टा फवारला. शेपटीजवळ पट्टी नीट चिकटली नव्हती, तिथे लाल रंग आत झिरपला आणि दातासारखा वर आला. तो दुरुस्त करायला मी त्यांना सुचवलं. ते म्हणाले, राहू दे, ती चूक हाताची नाही, पट्टीची आहे.

औषधं सुरू झाली. त्यांच्यावर आजोबांचं पुष्कळ निभावलं, मामांच्या वेळी नव्हती तशी औषधं. भीती मात्र गेली नाही. मी अजून दोरीकडे बघते. आता त्यांच्या चालीकडेही बघते, उठताना किती वेळ लागतो ते मोजते, आणि शर्टाच्या बटणांना उशीर झाला की स्वयंपाकघरात उगीच भांडी वाजवते, म्हणजे त्यांना वाटावं की मी वाट बघत नाहीये.

फोनवर ते हातावर बसतात ते तुम्ही घाबरू नये म्हणून. आता तुम्हाला माहीत आहे, तेव्हा पुढच्या रविवारी त्यांना सांगा, की हात वर ठेवा.

खालच्या आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या, त्यांच्याच घरात. त्यांच्या मुलाने मला ती वही आणून दिली. ती माझ्या यादीच्या फाइलमध्ये आहे. जहाज काचेच्या कपाटावर आहे, बांधलेलं, शेपटीजवळचा लाल दात तसाच. एअरब्रशची सुई दोनदा बदलली, बाकी तो मूळचाच आहे. कॉम्प्रेसर गोधडीवर आहे आणि बटण दाबलं की सुरू होतो. आजोबांचा डावा हात अजून स्थिर आहे.